चंद्राच्या दारातली पायताणं

ह्यांचा हात बुधवारी टेम्पोतून घरी आला.

हे म्हणजे माझे यजमान, विलास चौगुले. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. चंद्रावरची घरं, मंगळावरच्या वस्त्या, शनीच्या कड्यांखाली उतरणारी यानं, असली चित्रं जन्मभर काढणारे कोल्हापूरचे चौगुले ते हेच. आणि हात म्हणजे खराखुरा हात नव्हे हो. खांद्यापासून बोटांपर्यंतचं यंत्र, काळ्या नळ्यांचं, भरल्या कळशीएवढ्या वजनाचं. टेम्पोवाल्यानं विचारलं, "आजी, कुठं ठेवू?" मी म्हटलं, "वर माडीवर ने. त्यांची कामाची खोली तिथंच आहे." बोलून गेले आणि मग माझाच मला राग आला. यंत्राला कसली आलीय खोली!

यंत्रासोबत एक मुलगी होती, रुबिना अत्तार. इंजिनिअर. मूळची इचलकरंजीची, शिकली बंगळूरला, पण बोलणं अजून घरचंच. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, सोमवारपर्यंत तुमच्याकडं मुक्काम बघा. हाताला त्यांची खोली, तिथला उजेड, सगळं एकदा दाखवायचं. मग हा निघाला चंद्रावर."

"जेवलीस का?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

तर गोष्ट अशी. चंद्राच्या दक्षिण टोकाशी आपल्या लोकांनी मातीखाली राहती जागा बांधली आहे. तिथल्या जेवणाच्या खोलीची एक भिंत मुद्दाम कोरी ठेवली होती. तिच्यावर ह्यांचं चित्र हवं असं अंतराळवाल्यांनी ठरवलं, कारण त्यांतले निम्मेअधिक लोक लहानपणी दिवाळी अंकांवरची ह्यांची मुखपृष्ठं बघून ह्या नादाला लागलेले. पण तैलचित्र तिकडं नेता येत नाही. बंद खोलीत त्या रंगाच्या वाफा वर्षानुवर्षं सुटत राहतात, माणसांना बाधतात. म्हणून त्यांनी डोकं लढवलं. चित्र न्यायचं नाही, हात न्यायचा. तिथल्याच मातीचा रंग करायचा आणि ह्यांच्या हातानं तिथं नवं चित्र काढायचं.

आणि सगळे चित्रकार सोडून हेच का? तर मुख्य म्हणजे पायताणांमुळं. ह्यांच्या प्रत्येक चित्रात, घर चंद्रावरचं असो की मंगळावरचं, दाराबाहेर कोल्हापुरी पायताणांचे दोन जोड काढलेले असत. एक मोठा, एक लहान. सुरुवातीला लोक हसले. हवा नाही, पाणी नाही आणि म्हणे पायताणं! पुढं कळलं की चंद्रावरची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार असते, आत आली की यंत्रंही बिघडतात आणि माणसंही. आता तिथं अख्खा पोशाखच दाराबाहेर अडकवतात आणि माणूस पोशाखाच्या पाठीतून थेट घरात शिरतो. हे ठरल्यावर झालेल्या सत्काराच्या सभेत एक मोठे साहेब म्हणाले, "चौगुल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं." मी पहिल्या रांगेत बसले होते. ओळखलं होतं म्हणे! मी पदराचं टोक पिळत बसले.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मी रुबिनाला विचारलं, "गेलेल्या माणसाचा हात ह्यात शिरला कसा गं?"

ती ओट्याला टेकून उभी होती. "मावशी, चिखलातनं कुणी गेलं तर पाऊल बघून सांगता न्हवं, माणूस जड होता का हलका, घाईत होता का निवांत?"

"सांगते की."

"तसंच हे. ब्रशचा एकेक केस रंगात चर पाडतो. आम्ही उजेडाची बारीक तिरीप त्या चरांवरून फिरवतो. ती कुठल्या थरावरून कशी परत येते, त्यावरून चर किती खोल, थर किती जाड, सगळं कळतं. ओल्या रंगावर दुसरा फटकारा बसला तर दोन्ही रंग एकमेकांत ओढले जातात. वाळल्यावर बसला तर नुसता वर चढतो. म्हणजे आधी कुठला, मग कुठला, हेही कळतं. काकांची झाडून सगळी चित्रं अशी वाचली. दाब कुठं दिला, कुठं उचलला, कुठं दमले. लोक चित्राची नक्कल करतात, आम्ही चित्र काढण्याची चाल घेतलीय."

"आणि स्वभाव?"

"तो न्हाई घेता येत," ती हसली.

"नशीब," मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

दुपारी हात सुरू झाला. मी खाली तांदूळ निवडत होते. वरून कॅनव्हासवर ब्रश फिरल्याची ती खसखस ऐकू आली आणि मागोमाग डब्याच्या काठावर टक, टक, टक. माझ्या हातातलं ताट कलंडलं. ब्रश बदलताना डब्यावर टिचक्या मारायची ह्यांची सवय. ह्या पोरीला कुणी सांगितली? मी तरातरा वर गेले. ती म्हणाली, कुणी नाही, चित्रांच्या कडेला रंगाचे बारीक शिंतोडे होते, ते कशानं उडाले असतील हे यंत्रानंच शोधून काढलं.

मला काही सुधरेना. खाली आले, पुन्हा वर गेले. भाजी आणायला म्हणून निघाले ती कोपऱ्यावरनंच परत फिरले. चहाचे कप दोन मांडायचे तर तीन मांडले. त्या आवाजाची मला दहा वर्षं भूक होती आणि आता तो ऐकवत नव्हता. ह्यांचं मनगट जसं शेवटाला किंचित झटका घ्यायचं, तसंच ते काळं मनगट घेत होतं. फक्त त्याला घाम नव्हता आणि ते मधेच वळून "शैला, डोळे बघ जरा, काही गेलंय का" असं म्हणत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आवाज थांबला. टक टक टक झालं आणि सामसूम. माझे पाय आपोआप गॅसकडं वळले. ह्यांची पद्धत होती ती. चित्र झालं की ब्रश घेऊन मागच्या नळावर धुवायला जायचे आणि जाता जाता ओरडायचे, "शैला, चहा टाक गं!" मी चहा टाकला आणि वर गेले.

चित्र बघून रुबिना म्हणाली, "नादखुळा!" खरंच होतं ते. काळं आकाश, डोंगराआडून डोकावणारी निळी पृथ्वी, मातीत अर्धं बुडालेलं घर आणि दारातला पिवळा दिवा. फक्त दाराशी, दिव्याच्या उजेडात, ताटाएवढी जागा कोरी राहिली होती. नुसता पांढरा कॅनव्हास.

"पायताणं कुठायत?" मी विचारलं.

रुबिनाचा चेहरा उतरला. "तेच तर कोडं आहे, मावशी. मी तुम्हाला सांगणारच होते. प्रत्येक चित्रात तेवढा भाग दुसऱ्याच हाताचा निघाला. दाब वेगळा, ब्रश धरण्याची तऱ्हा वेगळी. आमच्या प्रोग्रॅमला वाटलं, रंग उडाला असेल, नंतर कुणी दुरुस्त केला असेल. दुरुस्ती समजून त्यानं ती जागा वगळली. आता हात तिथं आला की अडतो. काही केलं तरी पुढं सरकत न्हाई."

"दुरुस्ती नव्हे ती," मी म्हटलं. "तो हात माझा आहे."

मी मराठी शाळेत शिक्षिका होते. सकाळची शाळा करून भर दुपारी घरी यायचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ह्यांनी पहिलं मुखपृष्ठ रंगवलं आणि कौतुकानं मला दाखवलं. मी म्हटलं, "घर छान आहे, पण एवढ्या धुळीतनं माणसं पायताणं घालूनच आत जातात?" झालं! हवेचा दाब, किरणं, तापमान, असं काय काय मला समजावत बसले. माझ्या आईच्या घरी कुणी पायताणासकट उंबरा ओलांडला नव्हता, मग तो उंबरा चंद्रावर का असेना. हे ब्रश धुवायला गेले तेवढ्यात मी त्यांचा बारका ब्रश उचलला आणि दाराशी दोन जोड काढून टाकले. फळ्यावर चित्रं काढायची सवय होती, हात बसलेला होता. हे आले, बघितलं आणि असे काही भडकले की चहाही घेतला नाही. पण अंकाचा माणूस दारात उभा. चित्र तसंच छापलं गेलं. मग वाचकांची पत्रं आली. सगळ्यांना पायताणं आवडली होती.

पुढच्या चित्रात दाराशी जागा कोरी होती. हे काही बोलले नाहीत. "चहा टाक गं" म्हणाले आणि नळावर गेले. मीही बोलले नाही. चहा घेऊन वर गेले, पायताणं काढली, खाली आले. जन्मभर हेच चाललं. ह्यांचा रुसवा कधी गेला, ह्यांना ते आवडायचं की वैतागून जागा सोडायचे, देव जाणे. मुलाखतीत कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या घरची रीत आहे." खोटं कधी बोलले नाहीत. पण खरंही नाही. मला त्याचा राग होता. अजून आहे.

शनिवारी पुण्याहून तेजश्री आली. माझी मुलगी. बापाच्या नावाचा न्यास तीच चालवते, प्रदर्शनं भरवते, चित्रं जपते. तिला सगळं सांगितलं तर ती उभीच्या उभी राहिली, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, आत्ता? दहा वर्षांनी? हात निघायच्या तोंडावर?"

"मग कधी? चंद्रावर जाऊन सांगू?"

"तसं नाही गं. तू एखाद्या चित्रात रंगवलं असशील, बाबांनी चालवून घेतलं असेल. पण सगळ्यांत? अगं, त्या पायताणांमुळंच तर हे सगळं चाललंय. उद्या बातमी येईल, चौगुल्यांची ओळखच चौगुल्यांची नव्हती. बाबांनी बायकोचं काम आपल्या नावावर खपवलं म्हणतील लोक. ते उत्तर द्यायला इथं नाहीत, आई."

"आणि मी आहे, त्याचं काय?" माझा आवाज चढला. "मला माझं नाव हवंय, तेजू. हो, हवंय. सत्तरी ओलांडली म्हणून काय हवं-नको संपलं का माझं?"

रुबिना मध्ये पडली. म्हणाली, मावशींनी पायताणं काढावीत, यंत्र जुन्या रेषांशी पडताळून बघेल. मी बसले. संधिवातानं बोटं आखडलीत माझी, ब्रश धरताना अंगठा दुखतो. काढली कशीबशी. यंत्रानं ती बराच वेळ वाचली आणि उत्तर दिलं की खात्रीनं सांगता येत नाही. हात म्हातारा झाला की त्याची चाल बदलते म्हणे.

तेजश्रीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण खोटं बोलून सापडलेल्या लहान मुलाकडं बघतो. मला रडूच कोसळलं. ह्या घरात मेलेला हात सगळ्यांना ओळखू येत होता आणि जिवंत हाताची ओळख पटत नव्हती. मी फडकं घेतलं आणि खोली पुसायला लागले. चिडले की मी पुसते, ही माझी जुनी खोड.

पुसत पुसत ह्यांच्या शेवटच्या कॅनव्हासपाशी आले. दवाखान्यात जायच्या आधी ह्यांनी तो चित्राच्या लाकडी घोडीवर चढवला होता, आणि मग घरी परत आलेच नाहीत. कोरा करकरीत. दहा वर्षं दर रविवारी मी त्यावरची धूळ झटकत आले होते.

"मावशी, हा वाचला न्हाई आम्ही," रुबिना म्हणाली.

"काय वाचणार? काहीच नाही त्यावर."

तिनं तरीही ती उजेडाची तिरीप त्यावरून फिरवली. मग आपल्या पडद्याकडं बघत राहिली. बघत राहिली ती हलेचना.

"काय झालं?" तेजश्रीनं विचारलं.

"कोरा न्हाई हा. खाली उजव्या कोपऱ्याकडं ताटाएवढ्या जागेवर अस्तराचे, म्हणजे रंगाआधी देतात त्या लेपाचे, थर आहेत. पांढऱ्यावर पांढरं, म्हणून डोळ्याला दिसत न्हाई. एक थर दिलाय, घासलाय, पुन्हा दिलाय, पुन्हा घासलाय. काचेसारखं गुळगुळीत केलंय. काकांचाच हात आहे, शंभर टक्के."

"त्याचा अर्थ काय?" तेजश्री म्हणाली.

रुबिना घाईघाईनं जुनी चित्रं एकेक करून उघडायला लागली. प्रोग्रॅमनं दुरुस्ती म्हणून जो तुकडा वगळला होता, तो तिनं परत आत घेतला आणि हाताच्या चाली पहिल्यापासून लावून दाखवल्या. पडद्यावर कोरा कॅनव्हास आला. आकाश नाही, डोंगर नाही, काही नाही. पहिला ब्रश आला तो थेट खाली, दाराच्या जागी. दार तर अजून काढलंच नव्हतं! तिथं अस्तराचे जादा थर बसले, घासले गेले. मग दिवा आला आणि त्याचा उजेड त्या जागेवर पडला. मग दार. मग घर, डोंगर, पृथ्वी आणि सगळ्यात शेवटी आकाश. दुसरं चित्र लावलं, तेच. तिसरं लावलं, तेच. मंगळाचं लावलं, तिथंही तेच.

"प्रत्येक चित्राची सुरुवात इथनंच आहे," रुबिना हळूच म्हणाली. "आणि एवढं घासून गुळगुळीत का केलं असेल? बाकी कॅनव्हास तर खरखरीतच ठेवायचे ते."

का ते मला माहीत होतं. मी उचलायचे तो ब्रश बारका होता. पहिल्या चित्राच्या वेळी तो कॅनव्हासच्या विणीत अडकत होता आणि मी कुरकुरले होते, की हे तुमचं पोतेरं किती खरखरीत! भडकलेल्या माणसानं ते ऐकलं होतं. मी सकाळी शाळेत असताना, मला दिसू न देता, हा माणूस दर चित्रात आधी माझी जागा तयार करत होता आणि बाकीचं सगळं आकाश तिच्याभोवती काढत होता. एकदा तरी सांगायचं होतं की हो मला! तोंडात काय मूग धरले होते? मी तिथंच जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. तेजश्रीनं पिशवी टाकली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबांनी खपवलं नव्हतं, आई," ती म्हणाली. तीही रडत होती. "तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं."

बऱ्याच वेळानं रुबिना म्हणाली, "मावशी, तुमच्या जुन्या रेषा आहेत आमच्याकडं. त्यावरून तुमचा हातही ह्यात शिकवता येईल. दोन्ही हात जातील चंद्रावर."

"माझा नको," मी नाक पुसलं. "मी काय मेलेय का? तिकडची यंत्रं तुम्ही लोक इथनं चालवताच की नाही? मग मी इथनंच काढते."

ती हसली. मग हसता हसता थांबली आणि बोटांवर काहीतरी हिशेब करायला लागली.

सोमवारी हात गेला, आणि पावसाळा सरता सरता चंद्रावर पोचला. तिथं त्यानं भिंतीवर चित्र काढलं. आम्ही माडीवर मोठ्या पडद्यावर रोज बघायचो. तिथली माणसं जेवता जेवता त्याच्याकडं बघत बसायची. एका मुलानं तर तिथल्या मराठीत, म्हणजे निम्म्या इंग्रजीत, विचारलं की आजोबा रोज एवढं हळू काम करायचे का. मी म्हटलं, "बिल आलं की जोरात करायचे." सगळे हसले.

मग एका दुपारी टक टक टक झालं आणि हात थांबला. दाराशी, दिव्याच्या उजेडात, कोरी जागा.

माझ्या हातात रुबिनानं तारा जोडलेला एक ब्रश दिला. मी इथं जे करीन ते तिकडं ह्यांच्या हातातला ब्रश करणार होता. पण संदेश चंद्रापर्यंत जायला आणि तिथलं दृश्य परत यायला अडीच-तीन सेकंद जातात. "घाई करू नका," ती म्हणाली. "रेघ ओढा, थांबा, ती उमटलेली बघा, मग पुढची ओढा."

"आई, चहा टाकू?" जिन्यावरून तेजश्रीनं हाक मारली. तिला ठाऊक होतं ती काय म्हणतेय.

"टाक गं," मी म्हटलं.

पहिली रेघ ओढली. पडद्यावर काहीच नाही. मग तो काळा हात हलला आणि मी ओढलेली रेघ, माझ्या थरथरीसकट, चंद्रावरच्या भिंतीवर उमटली. मी ओढायची, तो थांबायचा, मग ओढायचा. जन्मभर असंच तर चाललं होतं आमचं, मी बोलायची आणि ह्यांचं उत्तर मागाहून यायचं. पट्टा वाकडा आला. आला तर आला. अंगठ्याची कडी, वेणी, गोंडा, सगळं काढलं. मोठा जोड पुरा झाला तेव्हा माझं मनगट ठणकत होतं.

मी ब्रश खाली ठेवला.

भिंतीखाली पाटी लावायची होती, तिचा मजकूर तेजश्रीनं आदल्या दिवशीच पाठवला होता. चित्र: विलास आणि शैला चौगुले. तो मी चष्मा लावून दोनदा वाचला होता.

"मावशी, बारका जोड राहिला की," रुबिना म्हणाली. "हात दुखतोय का? थांबूया थोडं. ते लोक थांबतील."

"राहिला नाही," मी उठत म्हटलं. "ह्यांची पायताणं तिथं पोचली, कारण हे आत गेलेत. माझी अजून खाली दारात आहेत. लागतात मला रोज."

तिनं ब्रश उचलून बाजूला ठेवला.

"माझी जागा तेवढी कोरी राहू दे," मी म्हटलं, आणि चहा गार व्हायच्या आत खाली गेले.